बाळंतपणातील निष्काळजीपणाचा दावा : कागद, घड्याळ आणि ग्राहक आयोग

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका स्त्रीची प्रसूती झाली आणि तीन दिवसांनी तिथेच तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर ताप आणि पोटदुखी सुरू झाली. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आधीच्या शस्त्रक्रियेत आत राहिलेला टॉवेल सापडला, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ती दगावली. पती आणि मुलांनी शासनाविरुद्ध लावलेल्या दिवाणी दाव्यात खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि १९९६ साली, म्हणजे घटनेनंतर ३३ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. पोटात टॉवेल राहिला ही वस्तुस्थितीच इतकी बोलकी होती की हयगय झाली असे मानण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

अशी उघड प्रकरणे मात्र फार थोडी असतात. बाळ जन्मल्यावर रडले नाही, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबला नाही, झटके आले, गर्भपिशवी काढावी लागली, अशा बहुतेक घटनांमध्ये टॉवेलसारखी दाखवता येण्याजोगी वस्तू हाती नसते. तिथे काय घडले हे दवाखान्याच्या कागदांवरून आणि त्या कागदांवर लिहिलेल्या वेळांवरूनच ठरते. म्हणूनच खालील मार्गदर्शनात वकील शोधण्याच्या आधी कागद आणि घड्याळ येते. दावा करायचा की नाही याचा निर्णय अजून झाला नसेल तरी कागद मिळवण्याचे काम थांबवू नये. तो निर्णय पुढे कधीही घेता येतो, कागद मात्र पुढे कधीही मिळतीलच असे नाही.

वाईट घडले म्हणजे चूक झाली, असे नाही

हे वाचायला कठोर वाटेल, पण दावा उभा राहण्यापूर्वी ते स्वतःशी मान्य करावे लागते. कायद्याच्या दृष्टीने चार गोष्टी एकत्र सिद्ध व्हाव्या लागतात : डॉक्टर किंवा रुग्णालयावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती पाळली गेली नाही, आई किंवा बाळाला इजा झाली, आणि ती इजा त्या कसुरीमुळेच झाली. यातील पहिली आणि तिसरी बाब सहसा वादाची नसते. दुसऱ्या बाबीची कसोटी इंग्लंडमधील १९५७ च्या एका निकालातून आली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती २००५ मध्ये स्वीकारली. तिचा आशय असा की, त्या शाखेतील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टराने त्या परिस्थितीत जी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली का, हे पाहायचे. सर्वांत निष्णात डॉक्टराने काय केले असते, हे पाहायचे नाही. दोन मान्य उपचारपद्धतींपैकी एक निवडली आणि ती लागू पडली नाही, एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही.

खरी लढाई चौथ्या बाबीवर, म्हणजे कार्यकारणभावावर होते. बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे) झाल्यास घरच्यांना वाटते की प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडला असणार. परंतु बहुतेक मुलांमध्ये या विकाराचे मूळ प्रसूतीच्या त्या काही तासांत नसते, ते गर्भावस्थेतील संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जनुकीय दोष अशा इतर कारणांत असते. सामनेवाल्यांचे, म्हणजे डॉक्टर आणि रुग्णालयाचे, वकील हाच मुद्दा पहिल्या दिवशी मांडतात. त्याचप्रमाणे वार पडल्यानंतरचा अतिरक्तस्राव किंवा बाळाचा खांदा अडकणे या गोष्टी कोणाचीही चूक नसताना घडू शकतात. म्हणून 'असे झालेच कसे' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नसतो. 'असे होत आहे हे कोणाला, किती वाजता कळले आणि पुढच्या दहा मिनिटांत त्याने काय केले' हा प्रश्न उपयोगाचा असतो.

कागद मिळवणे

डिस्चार्ज कार्ड म्हणजे पूर्ण कागद नव्हेत. ते घरी पाठवताना लिहिलेले संक्षिप्त टिपण असते आणि अनेकदा त्यात 'प्रसूती सुरळीत' एवढेच असते. हवा असतो तो इनडोअर केसपेपर, म्हणजे दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतची प्रत्येक नोंद. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावे लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ती नोंदवून ७२ तासांच्या आत कागद द्यावे लागतात. तोंडी मागणीला पुरावा राहत नाही, त्यामुळे अर्ज लेखी असावा. त्यात तक्रारीचा सूर नको, आरोप तर मुळीच नको. पुढील मजकूर पुरेसा आहे :

'माझी पत्नी आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रसूतीसाठी दाखल होती. तिच्या व बाळाच्या संपूर्ण इनडोअर केसपेपरच्या साक्षांकित प्रती, त्यात दाखल होतानाची तपासणी, प्रसूतीकळांच्या प्रगतीचा आलेख, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी व सीटीजीच्या (ठोके आणि कळा नोंदवणाऱ्या यंत्राच्या) पट्ट्या, परिचारिकांच्या नोंदी, औषधे व सलाइन यांचा तक्ता, संमतीपत्रे, शस्त्रक्रिया व भूल यांच्या नोंदी, रक्ताची मागणी व रक्त चढवल्याच्या नोंदी, तसेच नवजात शिशू विभागातील सर्व कागद यांचा समावेश असावा, अशी विनंती आहे. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे. पत्नीचे अधिकारपत्र सोबत जोडले आहे.'

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, म्हणजे शिक्का, तारीख आणि वेळ घ्यावी. पोच द्यायला कोणी तयार नसेल तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावा. शासकीय रुग्णालयात माहितीच्या अधिकाराखालीही अर्ज करता येतो. तिथे उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. खासगी रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते आणि पुढे ग्राहक आयोगासमोर कागद हजर करण्याचा आदेश मागता येतो. मागूनही कागद न देणे किंवा ते गहाळ झाल्याचे सांगणे ही बाब रुग्णालयाच्या विरोधात धरली जाऊ शकते, म्हणून नकाराचा पुरावासुद्धा जपावा.

सीटीजीची पट्टी बहुधा उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत ती फिकी पडू लागते. हातात आली की त्याच दिवशी तिची छायाप्रत आणि स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्यावे, वेळ छापलेली कडा कापली जाणार नाही याची काळजी घ्यावी. औषधांच्या दुकानातील पावत्यांनाही हेच लागू आहे.

या पावत्यांचे महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. रात्री रक्त आणायला पाठवलेल्या माणसाच्या खिशातली रक्तपेढीची पावती, इंजेक्शन आणल्याचे बिल, रुग्णवाहिकेचे भाडे भरल्याचा मोबाइलवरचा संदेश, डॉक्टरांना केलेल्या फोनची नोंद, बाळाचा पहिला फोटो काढल्याची वेळ, या सगळ्या वेळा रुग्णालयाच्या हातात नसतात. केसपेपर नंतर लिहिला गेला असेल किंवा त्यात फेरफार झाला असेल तर तो उघडा पाडणारे पुरावे बहुधा हेच असतात. गरोदरपणातील तपासण्यांची फाइल, सोनोग्राफीचे अहवाल आणि रक्तदाबाच्या नोंदी असलेले कार्ड घरी असतेच. मूळ प्रत कोणालाही देऊ नये.

मृत्यू झाला असेल तर आणखी एक निर्णय काही तासांत घ्यावा लागतो, तो शवविच्छेदनाचा. त्या क्षणी घरातले कोणीही त्याच्या मनःस्थितीत नसते आणि ते स्वाभाविक आहे. तरीही सांगणे भाग आहे की शवविच्छेदन झाले नसेल तर मृत्यू फुप्फुसात गुठळी गेल्यामुळे किंवा गर्भजल रक्तात मिसळल्यामुळे झाला, म्हणजे टाळता येण्यासारखा नव्हता, असा बचाव घेतला जातो आणि तो खोडून काढणे जवळजवळ अशक्य होते. बाळ मृत जन्मले असेल तर बाळाच्या तपासणीबरोबरच वार तपासणीसाठी पाठवण्याची लेखी विनंती करावी.

वेळापत्रक मांडणे

कागद हाती आले की ते वाचण्याआधी एका वहीत तीन रकाने पाडावेत : वेळ, काय घडले, आणि ही माहिती कुठल्या कागदावरून मिळाली. आठवणीवरून लिहिलेल्या गोष्टींसमोर 'आठवण' असेच लिहावे; त्या कागदी नोंदींत मिसळू नयेत. सर्व कागदांतील सर्व वेळा एका क्रमाने लागल्या की जे दिसते ते एकेका कागदावर कधीच दिसत नाही.

उदाहरणादाखल एक पान पाहू. पहाटे दोनपासून पाचपर्यंत दर अर्ध्या तासाने नोंद आहे, 'ठोके १४०, नियमित'. सात नोंदी, सातही एकाच शाईत, एकाच हातच्या, आकडा प्रत्येक वेळी अगदी तोच. मग ५.२० ला 'ठोके ९०', ५.२५ ला 'डॉक्टरांना कळवले', ६.१० ला 'डॉक्टर आले, सिझरचा निर्णय', आणि ६.४८ ला बाळाचा जन्म, अपगार गुण (जन्मताच बाळाच्या प्रकृतीला दहापैकी दिले जाणारे गुण) ३. आता शेजारी पतीच्या फोनमधील नोंद ठेवावी : ४.१२ ला त्याने आईला पाठवलेला संदेश, 'सिस्टर म्हणते ठोके कमी झालेत, डॉक्टरला फोन लावतेय'. आणि कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे सलाइन ३.३० ला सुरू केल्याची परिचारिकेची नोंद. एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध झाला असे नव्हे. पण प्रश्न कुठे आहे ते कळले : ३.३० ते ५.२० या एक तास पन्नास मिनिटांत, कळा औषधाने वाढवलेल्या असताना, ठोके खरोखर कोणी मोजले का?

हे प्रश्न विचारण्यासाठी काही मापे माहीत असावी लागतात. बाळाच्या ठोक्यांची सर्वमान्य मर्यादा मिनिटाला ११० ते १६० अशी धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार कळांच्या सक्रिय पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचे तोंड पूर्ण उघडल्यावर, दर ५ मिनिटांनी ठोके ऐकणे अपेक्षित असते. तातडीच्या सिझरच्या निर्णयापासून जन्मापर्यंत ३० मिनिटे हा मापदंड पुष्कळ ठिकाणी वापरला जातो, मात्र तो कायदा नव्हे. छोट्या प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात हे आयोग लक्षात घेतो. परंतु तेवढ्याच कारणाने धोक्याच्या रुग्णाला आधीच मोठ्या रुग्णालयात का हलवले नाही, हा उलट प्रश्नही मग उभा राहतो.

आईच्या बाबतीत रक्तस्रावाचा हिशेब सर्वांत निर्णायक असतो. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर आणि सिझरनंतर १००० मिलिलिटर रक्त जाणे ही अतिरक्तस्रावाची रूढ व्याख्या. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिले तर उपयोगी पडते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले आहे. नाडी आणि रक्तदाबाचा तक्ता पाहताना फक्त रक्तदाबाकडे पाहू नये. नाडी १००, ११०, १३० अशी चढत जाते आणि रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, मग एकाएकी कोसळतो. चढत्या नाडीच्या समोर रक्ताची मागणी किती वाजता झाली, हे रक्तपेढीच्या पावतीवरून पाहावे. गरोदरपणात रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला असेल तर लघवीतील प्रथिने तपासली का, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी येण्याच्या तक्रारीची दखल घेतली का, आणि झटके आल्यावर मॅग्नेशियम सल्फेट दिले का, हे पाहावे लागते. आईचा रक्तगट ऋण आणि बाळाचा धन असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांत द्यायचे असते. ते चुकल्याचे नुकसान पुढच्या गरोदरपणात दिसते.

बाळाचा कागद वेगळा वाचावा. एका व पाच मिनिटांचे अपगार गुण, नाळेतील रक्ताची आम्लता तपासली असल्यास तिचा अहवाल, श्वास देण्याचे प्रयत्न किती वाजता सुरू झाले, बालरोगतज्ज्ञ केव्हा आले, पहिला झटका केव्हा आला. प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला थंड ठेवण्याचा उपचार जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, म्हणून दुसरीकडे हलवण्यास लागलेला वेळही मोजावा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी दोन निकाल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला होणारा आरओपी हा विकार वेळेवर तपासणी केली तर बहुधा आवरता येतो. भारतात ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांची पहिली तपासणी साधारण चार आठवड्यांच्या वयात आणि फारच लहान बाळांची त्याहूनही आधी करावी, असे सांगितले जाते. चेन्नईतील शासकीय रुग्णालयात १९९६ मध्ये २९ आठवड्यांत जन्मलेल्या मुलीच्या पालकांना हे कोणी सांगितलेच नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. दिल्लीतील अशाच एका प्रकरणात २०१९ मध्ये ७६ लाख रुपये मंजूर झाले. दोन्हीकडे कोणाचा हात चुकला नव्हता. जी तपासणी करायला आणि सांगायला हवी होती ती राहिली होती, आणि ते कागदावरूनच दिसत होते.

संमतीचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या वतीने आईने किंवा इतर नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही, आणि एका शस्त्रक्रियेची संमती म्हणजे दुसरीची संमती नव्हे. अपवाद फक्त जीव वाचवण्यासाठी तातडीने कराव्या लागणाऱ्या कृतीचा. सिझरच्या वेळी तिला न विचारता नसबंदी केली असेल तर ती या कसोटीवर टिकत नाही. रक्तस्राव थांबत नाही म्हणून गर्भपिशवी काढली असेल तर मात्र टिकते, आणि तिथे वाद संमतीवर न घालता रक्तस्राव इतका होईपर्यंत काय केले यावर घालावा. दाखल होताना सह्या घेतलेले कोरे छापील नमुने केसपेपरात दिसतील. त्यात कुठल्या शस्त्रक्रियेचे नाव नंतर भरले आहे, हस्ताक्षर आणि शाई कोणाची आहे, हे जरूर पाहावे.

तज्ज्ञाचे मत

२०१० च्या एका निकालानुसार प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही. पोटात कापड राहणे किंवा चुकीच्या गटाचे रक्त चढवणे अशा उघड प्रकरणांत आयोग त्यावाचूनही निर्णय देऊ शकतो. बाकी सर्वत्र ते मिळवावे, आणि शक्यतो तक्रार दाखल करण्याआधी. स्थानिक डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत ही तक्रार खरी आहे, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयाचे निवृत्त प्राध्यापक शोधावेत. त्यांना 'चूक झाली का' असे मोघम विचारू नये. वेळापत्रक आणि कागद देऊन नेमके विचारावे : ३.३० नंतर ठोके कशा प्रकारे मोजायला हवे होते, सीटीजीची पट्टी किती वाजल्यापासून चिंताजनक होती, आणि पाच वाजता सिझर झाले असते तर परिणाम वेगळा झाला असता का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्त्रीरोगतज्ज्ञापेक्षा नवजात शिशुतज्ज्ञ अधिक अधिकाराने देऊ शकतो, त्यामुळे बाळाच्या प्रकरणात दोन मते लागतात. तज्ज्ञाने प्रामाणिकपणे 'फरक पडला नसता' असे सांगितले तर त्याच्यावर चिडू नये. त्याने काही वर्षांची पायपीट वाचवलेली असते.

तक्रार कुठे करावी

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात ठरवले. जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात आणि काहींवर मोफत उपचार होतात तिथले मोफत रुग्णही ग्राहक ठरतात. जिथे सर्वांनाच सेवा मोफत आहे ते रुग्णालय या कायद्याबाहेर राहते, आणि नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही. अशा रुग्णालयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग असतो. शासनाविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्या दाव्याच्या मुदतीविषयी वकिलाशी लगेच बोलावे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात कुठल्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवरून ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. प्रसूतीचे बिल सहसा ५० लाखांच्या वर जात नाही, त्यामुळे भरपाई दोन कोटींची मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. माहेरी बाळंतपण झाले आणि सासर दुसऱ्या जिल्ह्यात असले तर ही तरतूद फार सोयीची ठरते. वकील सक्तीचा नाही आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. वैद्यकीय प्रकरण मात्र वकिलाशिवाय लढवू नये असे माझे मत आहे, कारण तज्ज्ञाची उलटतपासणी हे सवयीचे काम आहे.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात. इजा लपलेली असेल, उदाहरणार्थ टाक्यांत राहिलेला बोळा वर्षभराने सापडला, तर ती कळल्यापासून मोजता येते; पण सतत त्रास होत असूनही तपास न करणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत कापड राहिलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याच कारणाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा आणि त्यात दिवसांचा हिशेब सांगावा.

सामनेवाले म्हणून रुग्णालय, प्रसूती करणारे डॉक्टर, आवश्यक तिथे भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ, आणि माहीत असल्यास त्यांची विमा कंपनी, यांना घालावे. बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरांच्या चुकीसाठीही रुग्णालय जबाबदार ठरू शकते, हे २००४ च्या निकालाने मान्य केले आहे. प्रत्येक डॉक्टराची नोंदणी आणि पदवी वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत तपासावी. ज्या शाखेचे शिक्षण आणि परवानगी नाही त्या शाखेचा उपचार करणे हीच हयगय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे.

वैद्यकीय परिषदेकडे केलेल्या तक्रारीतून भरपाई मिळत नाही. डॉक्टरावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि परिषदेचे निष्कर्ष आयोगासमोर उपयोगी पडतात. मृत्यू झाला असेल तर पोलिसांकडे जाण्याचा मार्ग भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा आहे, पण फौजदारी गुन्ह्यासाठी साधी हयगय पुरत नाही, ती ढोबळ स्वरूपाची असावी लागते, आणि कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घेणे २००५ पासून आवश्यक आहे. ते मत विरोधात गेले तर तोच कागद सामनेवाले आयोगापुढे लावतात. म्हणून फौजदारी तक्रारीने सुरुवात करण्याची घाई मला शहाणपणाची वाटत नाही. रुग्णालयात तोडफोड किंवा मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. एका रात्रीच्या संतापापायी तक्रारदारच आरोपी होतो आणि तडजोडीत सर्वांत आधी त्याची तक्रारच मागे घ्यायला लावली जाते.

तक्रारीनंतर

नोटीस पाठवणे सक्तीचे नाही, तरी पाठवावी. तिच्या उत्तरात रुग्णालय आपली हकिकत लेखी देते आणि पुढे ती बदलणे त्याला जड जाते. लेखी कैफियतीसाठी, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर देण्यासाठी, सामनेवाल्यांना ३० दिवस आणि वाढवून आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल अपेक्षितो. प्रत्यक्षात वर्षे लागतात, आणि तेवढ्या तयारीनेच उतरावे.

भरपाईची मागणी एकगठ्ठा रकमेत करू नये. झालेला खर्च, पुढील उपचार, फिजिओथेरपी, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, नोकरी सोडावी लागलेल्या पालकाचे उत्पन्न, प्रवास आणि मानसिक त्रास असे एकेक शीर्षक, त्यासमोर आधार. भविष्यातील खर्च ठरवताना महागाई धरली पाहिजे, असे चेन्नईच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले आहे, म्हणून आजचे दर वीस वर्षांना जसेच्या तसे लावू नयेत. बाळ आणि पालक दोघेही ग्राहक असल्याने दोघांसाठी स्वतंत्र रक्कम मागता येते. मधल्या काळात तडजोडीचा प्रस्ताव आला आणि 'पूर्ण व अंतिम' अशी पावती समोर ठेवली गेली तर बाळाची पुढील तपासणी होऊन अपंगत्वाचे प्रमाण निश्चित होईपर्यंत सही करू नये.

निकाल विरुद्ध गेल्यास राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते. रुग्णालयाने अपील केले तर त्याला आदेशित रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील न करता रक्कमही दिली नाही तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैदेची किंवा किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंडाची, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. बाळाच्या नावाची रक्कम सहसा ते सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. उपचारासाठी त्यातील व्याज दरमहा किंवा दर तिमाहीस काढण्याची परवानगी हवी असेल, तर ती विनंती मूळ तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदातच लिहून ठेवावी.